गेटवरचं गाऱ्हाणं

कंपनीला टाळं लागून चौथा महिना चालू झाला, तेव्हा मला बसता येईनासं झालं. सकाळी सातची पाळी धरणाऱ्या माणसाचे पाय सातच्या आधी आपोआप उठतात. मी उठायचो, दाराशी जायचो, परत यायचो. घाटकोपरच्या भटवाडीतल्या आमच्या खोलीच्या दाराची वरची बिजागरी ढिली होती, ती घट्ट केली. मग शेजारच्या शेवंतीवहिनीची केली. मग मोरीच्या दाराची. आठ दिवसांत चाळीत एकही कुरकुरणारं दार उरलं नाही.

"दारां संपली," माझी बायको पार्वती म्हणाली. "आता लोकांची तोंडां घट्ट करूक जावा."

तिचं बरोबर होतं. दारं घट्ट करणं हीच माझी तेवीस वर्षांची नोकरी होती. आग्रा रोडवर, भांडुप आणि मुलुंडच्या मध्ये, आमची मोटारीची कंपनी. मी बॉडी शॉपला. सांगाडा जोडून आला की त्याला चार दरवाजे बसवायचे, लाकडी ठोकळा आणि रबरी हातोडा घेऊन फट सारखी करायची, आणि मग दार लावून आवाज ऐकायचा. दार चांगलं बसलं असेल तर आवाज बंद येतो, पोतं खाली टाकल्यासारखा. वाकडं असेल तर पत्र्याचा उघडा आवाज येतो. आवाज पटला की मी खडूने खूण करायचो. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं, पण माझ्या खुणेशिवाय गाडी रंगाला जात नसे.

गावाकडच्या आमच्या वाडीतले एकोणीस जण ह्या कंपनीत होते. एकाने दुसऱ्याला लावलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. मी सहा जणांना लावलं होतं. त्यातला एक माझा भाचा शिवदास. बहीण गेल्यावर तो माझ्याकडेच वाढला, वेल्डिंगची गन चालवायला शिकला, सांगाडे जोडायचा. दुसरा माझा चुलतभाऊ खंडू, रंगखात्यातला. दोघे मला सारखेच जवळचे, आणि दोघांत विस्तव जात नव्हता.

झालं होतं असं. सहा-सहा वर्षं नंबर लावून लोक आमची गाडी घेत, ते नंबर लावणारेच हळूहळू कमी झाले. यार्डात गाड्या उभ्या राहू लागल्या. मग कंपनीने तीनशे माणूस कमी केला. युनियनने काम बंद केलं. कंपनीने टाळं लावलं. इतकं सगळ्यांना मान्य होतं. हे कोणामुळे झालं, ह्यावर मात्र शिवदास आणि खंडूचं एकमत नव्हतं.

शिवदास लाल झेंड्याचा. तो म्हणायचा, "दिल्लीने जपान्यांना बोलावलं, मामा. तिकडे हरियाणात नवी गाडी, नवी यंत्रं, सरकार घरचं. आणि आपला मालक काय करत होता? तीस वर्षं तोच साचा, तीच गाडी. नफा खाल्ला, साचा बदलला नाही. आता म्हणतो, कामगार आळशी."

खंडू शाखेवर बसणारा. तो म्हणायचा, "जपानी इलो आणि तुझ्या हातातली गन वढून घेतल्यान? दर महिन्याक तुमचो मोर्चो. स्लो करा, स्लो करा. दिवसाक चाळीस गाडी निघायची थंय बावीस. गिऱ्हाईक काय तुमच्या पुढाऱ्याचो जावय आसा, वाट बघीत बसाक?"

"आणि बाराशे मद्रासी, भैये भरले म्हणून नोकरी गेली, हे पण सांग ना. शाखेत शिकवलंय ते पूर्ण सांग."

"सांगतंय. भियत नाय कोणाक."

हे रोज चालायचं. वाडीच्या माणसांची एक खोली होती भटवाडीतच, लग्न न झालेले आणि बायका गावी असलेले तिथे राहत. तिथे संध्याकाळी जमलं की सुरू. मी ऐकायचो आणि खोलीच्या आत-बाहेर करायचो. मला दोघांचंही पटायचं, आणि दोघांचंही पुरतं पटायचं नाही. मला एक गोष्ट ठाऊक होती, ती दोघेही बोलत नव्हते. तीच मला बसू देत नव्हती.

दसऱ्याला आठ दिवस असताना गेटवर नोटीस लागली. दसऱ्यापासून दहा दिवसांत जो हमीपत्रावर सही देईल त्याला आत घेणार. हमीपत्रात लिहायचं की मी शिस्तीने वागेन, संपात भाग घेणार नाही, झालेल्या नुकसानीला आम्ही जबाबदार. जो सही देणार नाही त्याचं नाव पटावरून कमी.

त्या संध्याकाळी खोलीत एकोणीसच्या एकोणीस जण आले. बसायला जागा नाही, अर्धे गॅलरीत. बाळा परब सगळ्यांत वयस्कर, तो म्हणाला, "एक गोष्ट ठरवा. गेलंव तर एकोणीस जावया, ऱ्हवलंव तर एकोणीस ऱ्हवया. अर्धे आत नि अर्धे भायर झाले तर ह्या खोलीच्यो दोन खोल्यो होतल्यो, आणि गावात देवळातय दोन बाजूक बसशात."

ह्यावर कोणी नाही म्हणालं नाही. मग कसं ठरवायचं? हात वर करून ठरवलं असतं तर तिथेच मारामारी झाली असती. तेव्हा बाळाच माझ्याकडे बोट करून म्हणाला, दसऱ्याला गाऱ्हाणं घालायचं ते घालूया. भिकाजी गाऱ्हाण्यात काय ते बोलेल. सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं की बांधलो गेलो.

आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे नुसती प्रार्थना नसते. एकाने सगळ्यांच्या वतीने उभं राहून देवाला हकीकत सांगायची, काय घडलं, कोणामुळे घडलं, आता काय कर. प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. म्हटलं की ते वाक्य सगळ्यांचं झालं. मग मागे फिरता येत नाही. कंपनीत दरवर्षी दसऱ्याला मशीनला फूल वाहून आम्ही वाडीवाले गाऱ्हाणं घालायचो आणि ते मी घालायचो, कारण माझे वडील गावात घालायचे.

म्हणजे आता कारण मी सांगायचं होतं. आणि कारणावरच सगळं होतं. युनियनमुळे झालं म्हटलं तर सही देणं भाग. सरकारमुळे आणि मालकामुळे झालं म्हटलं तर हमीपत्रात "आम्ही जबाबदार" असं लिहून देणं म्हणजे स्वतःच्या तोंडाला काळं फासणं.

मग ते आठ दिवस दोघांनी मला सोडलं नाही. खंडू सकाळी यायचा. "दादा, तू फक्त इतक्या म्हण, जेनी आमका भडकवल्यानी तेंका बघून घे. नाव घेव नको." शिवदास दुपारी यायचा. "मामा, एक वाक्य. ज्यांनी परक्याला घरात घेतलं आणि आपल्याला बाहेर काढलं, त्यांना सुबुद्धी दे. बस."

"सुबुद्धी?" पार्वती आतून म्हणाली. "तुमच्या युनियनवाल्यांका सुबुद्धी शब्द म्हायत आसा काय रे?"

"मामी, तुम्ही मधे बोलू नका ना."

"माझ्या घरात मी मधे नाय बोलाचा तर खंय बोलाचा?"

मी कोणालाच हो म्हटलं नाही. चप्पल घालून बाहेर पडायचो. विक्रोळी, कांजूर, भांडुप, रोज रस्त्याने चालत कंपनीच्या गेटापर्यंत जायचो, बंद गेट बघायचो आणि परत फिरायचो. चालताना रस्त्यावर आमची गाडी दिसली की माझी नजर दाराच्या फटीवर जायची. कोणी दार लावलं की मी थांबायचो. तो उघडा आवाज. टाळं लागायच्या आधीच्या वर्षात बनलेली गाडी असली की दहातल्या चार-पाच तरी तशाच.

कारण ते मीच केलं होतं. शेवटच्या वर्षात सांगाडेच वाकडे येत होते. साचा झिजला होता. बिजागऱ्या मऊ येत होत्या. युनियनने सांगितलेलं असायचं, दुपारपर्यंत हळू. दुपारनंतर फोरमन चंद्रप्रकाश डोक्यावर उभा, "भिकाजी, पास कर ना यार, ऊपर से फोन पे फोन आ रहा है." आणि मी पास करायचो. दार ठोकायचो, खोटा आवाज ऐकायचो, खूण करायचो. पहिल्यांदा हात थांबला होता. नंतर थांबेना. जे लोक नंबर लावून वाट बघत होते त्यांच्या गाडीत पावसाचं पाणी शिरलं, ते दारातूनच शिरलं. नवी गाडी आल्यावर ते तिकडे गेले. का जाणार नाहीत?

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. पार्वतीलाही नाही.

दसऱ्याच्या सकाळी नऊ वाजता आम्ही एकोणीस जण गेटासमोर जमलो. गेटाच्या एका अंगाला युनियनचा मांडव होता, लाल झेंडे लावलेले. गेटाच्या आत वॉचमन आणि टाइम ऑफिसचे दोन कारकून उभे राहून बघत होते. आत जायला परवानगी नव्हती, म्हणून बाळाने घरून एक जुना पाना आणि हातोडा आणला होता. दोन्ही रस्त्याच्या कडेला पाटावर ठेवलं, झेंडूचं फूल वाहिलं, पानाचा विडा आणि नारळ ठेवला. खंडू माझ्या उजव्या हाताला, शिवदास डाव्या. दोघांनी माझ्याकडे बघितलं.

मी हात जोडले. "बा देवा रवळनाथा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज दसऱ्याच्या दिवशी तुझी एकोणीस लेकरां ह्या बंद गेटासमोर उभी आसत."

"व्हय म्हाराजा!"

"दरवर्षी आत मशिनीक फूल वाहतंव. औंदा रस्त्यार वाहिलंव, ता गोड मानून घे."

"व्हय म्हाराजा!"

"तुझ्या लेकरांच्या पोटार जी इडापीडा इली…"

इथे मी थांबलो. पुढचं वाक्य मी ठरवून आलो होतो. 'जेच्यामुळे इली तो तूच जाणतस' असं म्हणायचं, कोणाचंच नाव घ्यायचं नाही, आणि सगळ्यांना एकत्र राहू दे म्हणून संपवायचं. माझे वडीलही अवघड भांडणात असंच करायचे. पण मागून बस गेली, तिचा पत्रा त्या वाकड्या दारांसारखाच खडखडला, आणि मी पुढे बोललो ते वेगळंच बोललो.

"ती आमच्या हातानय इली म्हाराजा. ह्या माझ्या हातान वाकडी दारां पास केलंय. आवाज खोटो येय होतो, ह्या कानान आयकलंय, तरी खूण केलंय. जेनी इस्वासान गाडी घेतल्यानी तेंच्या गाडीत पानी गेला. ता पाप माझ्या पदरात आसा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा" आलं नाही.

मी हात जोडून उभाच. उत्तर आल्याशिवाय पुढचं वाक्य बोलता येत नाही, आणि पुढचं बोलल्याशिवाय नारळ फोडता येत नाही. मांडवातले लोक उठून बघू लागले. गेटाच्या आतला एक कारकून दुसऱ्याच्या कानात काहीतरी बोलला.

"मामा!" शिवदास म्हणाला. "हे काय बोललात? समोर कंपनीची माणसं उभी आहेत!"

"मी देवाक सांगलंय."

"देव आत नाही बसलेला, मामा, पर्सनलचा साहेब बसलाय! त्यांना हेच पाहिजे होतं. कामगारानेच घाण केली!"

खंडूही माझ्या बाजूने नव्हता. "दादा, तुका युनियनचा सांगूचा होता तर सरळ सांगूचा. आमच्या हातान म्हणजे काय? मी काय केलंय? मी रंग बरो मारलंय."

"वाकड्या दारार मारलस."

"माका काय म्हायत दार वाकडा काय सरळ!"

तिथून ते दोघे एकमेकांवर घसरले आणि बाकीचे त्यांच्या मागे. बाळाने नारळ उचलला, पिशवीत घातला आणि कोणाशी न बोलता निघून गेला. एकोणीस माणसं त्या दिवशी तीन वाटांनी घरी गेली.

दोन दिवसांनी वॉचमनचा निरोप आला, पर्सनलच्या, म्हणजे कामगारांचं बघणाऱ्या खात्याच्या, साहेबांनी बोलावलंय. मी गेलो. तेवीस वर्षांत त्या ऑफिसात मला पहिल्यांदा खुर्ची मिळाली. चंद्रप्रकाश बाजूला बसला होता, त्याने वर बघितलं नाही. साहेब गोड बोलले. म्हणाले, "भिकाजी, तुमच्यासारखी खरं बोलणारी माणसं कंपनीला हवीत. जे देवाला सांगितलंत तेच कागदावर द्या. तुम्हाला हमीपत्रसुद्धा नको. उद्यापासून इन्स्पेक्टर."

कारकुनाने कागद पुढे केला, शाईचं पॅड ठेवलं. मी म्हटलं, वाचून दाखवा.

त्याने वाचलं. युनियनच्या सांगण्यावरून आम्ही कामगारांनी मुद्दाम सदोष काम केले, त्यामुळे कंपनीचे ग्राहक गेले.

"मुद्दाम मी म्हटलं नाही," मी म्हटलं. "आणि आम्ही नाही. मी. माझा हात."

"तोच अर्थ झाला."

"नाही साहेब. माझ्या हाताने केलं असं लिहा. साचा झिजला होता, तेही लिहा. युनियन हळू करा म्हणायची, तेही खरं, लिहा. आणि दुपारनंतर हे माझ्या डोक्यावर उभे राहून पास कर म्हणायचे, ते लिहा."

चंद्रप्रकाशने तेव्हा वर बघितलं. "अरे भिकाजी, मैं तेरा दुश्मन है क्या? मला पण वरून फोन यायचा. आज पस्तीस पाहिजे, आज पस्तीस पाहिजे."

"मग ज्यांचा फोन यायचा त्यांचं पण नाव लिहा. एवढं सगळं लिहा, मी आत्ता अंगठा देतो."

साहेबांनी पॅडचं झाकण लावलं. म्हणाले, "गाऱ्हाणं घालणं वेगळं, भिकाजी, आणि कंपनी चालवणं वेगळं. तुम्हाला मुदत आहे अजून. विचार करा."

बाहेर आलो तर गेटाच्या आत हमीपत्राची रांग होती. रांगेत खंडू, त्याच्या मागे आमच्या वाडीचे आणखी सात-आठ जण. खंडूने मला ऑफिसातून येताना पाहिलं. तो हसला. "केलास मा? बरा केलास, दादा."

मी सांगणार होतो, पण रांग सरकली. गेटाबाहेर मांडवातून कोणीतरी ओरडलं, "दरवाजावाला दरवाजातून आत गेला रे!" लोक हसले. शिवदास त्यांच्यातच उभा होता. तो हसला नाही, त्याने तोंड फिरवलं. मी तिथे जाऊन काय सांगणार होतो? ऑफिसातून रिकाम्या हाताने आलो, हे कोणाला दाखवता येतं? मी चालू लागलो. कांजूरपर्यंत कुठे थांबलो नाही, आणि तिथे थांबलो तेव्हा का थांबलो ते आठवेना.

ते दिवस वाईट गेले. शिवदास आला नाही. वाडीच्या खोलीत माझ्यासमोर बोलणं बंद व्हायचं. पार्वतीने एकदाच विचारलं, "अंगठो दिलात?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मगे असे चोरासारखे कित्याक फिरतात?" मी म्हटलं, "दार वाकडा बसवललो माणूस आसय मी." तिला ते समजलं नाही, किंवा समजलं असेल.

मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी गेटवर यादी लागली. पटावरून कमी केलेल्यांची. टाइप केलेले लांब लांब कागद, गेटाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. गर्दीत निम्म्यांना वाचता येत नव्हतं. शिवदास कागदाला लागून उभा राहून मोठ्याने नावं वाचत होता, खात्याप्रमाणे. मी मागे उभा राहिलो. त्याने मला बघितलं नव्हतं.

वेल्डिंगमधली नावं झाली, त्याचं स्वतःचं त्याने इतरांसारखंच वाचलं. मग बॉडी फिटिंग. सात-आठ नावं वाचली आणि म्हणाला, "भिकाजी सखाराम…" आणि थांबला. मागून कोणी म्हणालं, "अरे वाच ना पुढे." त्याने माझा तिकीट नंबर वाचला. मग मागे वळून गर्दीत बघू लागला.

मी हात वर केला.

तो गर्दीतून बाहेर आला. "मामा, तुम्ही सही नाही केली?"

"अंगठोच नाय दिलंय."

"मग ऑफिसात कशाला गेला होता?"

मी सगळं सांगितलं. मुद्दाम हा शब्द, पॅडचं झाकण, फोन. बोलत बोलत आम्ही घरच्या वाटेने चालू लागलो होतो. आमच्या एकोणिसांतले नऊ आत गेले होते, दहा बाहेर राहिले होते. बाळा म्हणाला तसंच झालं होतं, आणि ते माझ्या तोंडून झालं, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

"तुम्ही ते गाऱ्हाण्यात बोलायला नको होतं," शिवदास म्हणाला. "नऊ जण गेले. तुम्ही दुसरं काही बोलला असता तर गेले नसते."

"कदाचित."

"आणि कारण ते नाहीच आहे, मामा. दारं वाकडी होती म्हणून कोणी कारखाना बंद करत नाही. दिल्लीने ठरवलं, मालकाने पैसा दुसरीकडे लावला. दारं नुसतं निमित्त."

"दिल्लीचा खरा आसा. मालकाचाय खरा. मी नाय खंय म्हणतंय?"

"मग?"

भांडुपचा सिग्नल आला. आमच्याच कंपनीची एक पांढरी गाडी थांबली, ड्रायव्हरने उतरून मागचं दार उघडलं, परत लावलं. दोघांनीही तो आवाज ऐकला. शिवदासने माझ्याकडे बघितलं नाही.

"तुझो सांगाडो सरळ येय होतो?" मी विचारलं.

त्याने आधी रस्ता ओलांडला.

"शेवटच्या वर्षी नाही," तो म्हणाला. "सांगाडा धरून ठेवणारा जिगच हलत होता. दहातले तीन तरी वाकडे. मी सुपरवायझरला एकदा सांगितलं, मग नाही सांगितलं." मग लगेच, जरा चिडून म्हणाला, "पण हे मी गेटवर म्हणणार नाही, मामा. आत्ता तर नाहीच. मेलो तरी नाही."

"म्हणा नको," मी म्हटलं. "माका सांगलस, ता पुरे."

"पुरे काय पुरे. नोकरी गेलीच ना दोघांची."

"गेली."

तो परत दिल्लीवर आला, मग जपानवर, मग जकातीवर. आवाज चढला होता. मी मधेच त्याला म्हटलं की साच्याचं मात्र त्याने बरोबर ओळखलं होतं, आणि बिजागऱ्यांचं त्याला काही माहीत नाही. "बिजागऱ्यांचं काय?" तो म्हणाला. मी सांगू लागलो, आणि विक्रोळीपर्यंत आमचं तेच चाललं.